अजिंठ्याच्या भिंतीवरचा बाजार: दीड हजार वर्षांपूर्वीची गर्दी आपल्याला काय सांगते?

लातूरच्या गंजगोलाईत एखादी मिरवणूक आली की काय होतं, आठवून बघा. दुकानदार हातातलं काम अर्धवट ठेवून थांबतो. कुणी पायरीवरूनच हात जोडतं. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांत बायका-पोरं गोळा होतात. नांदेडला हल्लाबोल मिरवणूक निघते तेव्हाही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असंच चित्र असतं. मिरवणूक पुढे जाते आणि बघणारे तिथेच उभे राहतात.

हे दृश्य आपल्या मराठवाड्यात दीड हजार वर्षांपूर्वीच कुणीतरी रंगवून ठेवलं आहे. दुकानं, दुकानदार, खिडकीतून डोकावणाऱ्या बायका, जीव मुठीत घेऊन पळणारी माणसं, सगळं त्यात आहे. ही चित्रं आहेत अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात.

अजिंठा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १ क्रमांकाच्या लेण्यातला हातात कमळ घेतलेला पद्मपाणी येतो. शाळेच्या पुस्तकात तो, पोस्टरवर तो आणि आता रील्समध्येही तोच. पण त्याच अजिंठ्यात शेकडो बिननावाची माणसंही आहेत. त्यांच्याकडे आपण सहसा बघतच नाही. आज त्यांचीच गोष्ट.

आधी थोडी पार्श्वभूमी

अजिंठ्यात साधारण ३० लेणी आहेत. ती दोन टप्प्यांत कोरली गेली. पहिला टप्पा इसवी सनापूर्वीचा, सातवाहनांच्या काळाच्या आसपासचा. दुसरा टप्पा पाचव्या शतकातला, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातला. दुसरा टप्पा नेमका किती वर्षं चालला यावर अभ्यासकांत वाद आहे. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते यातलं बहुतेक काम इ.स. ४६० ते ४८० या जेमतेम वीस वर्षांत झालं. इतर काहींना हा काळ बराच लांबलेला वाटतो.

१६ क्रमांकाचं लेणं हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं करवून घेतलं. शेजारचं १७ क्रमांकाचं लेणं हरिषेणाच्या एका मांडलिक राजाच्या दानातून तयार झालं. ही माहिती तिथल्याच शिलालेखांमधून मिळते.

आता नांदेडकरांसाठी एक गोष्ट. हरिषेण वाकाटकांच्या ज्या शाखेतला, तिची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशिम. याच शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशिमला सापडला. त्यात 'नांदिकट' नावाच्या प्रदेशातल्या एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे. वा. वि. मिराशी यांनी हे नांदिकट म्हणजेच नांदेड असल्याचं दाखवलं. थोडक्यात, ज्या घराण्याच्या राज्यात ही चित्रं रंगवली गेली, त्याच घराण्याच्या कागदपत्रांत नांदेडचं नाव आहे. कागदाच्या जागी तांबं, एवढाच फरक.

चित्र पहिलं: राजपुत्र चाललाय, बाजार बघतोय

१७ क्रमांकाच्या लेण्यात आत गेलात की मंडपाच्या डाव्या भिंतीवर विश्वंतर जातकाची लांबलचक कथा आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी.

ही गोष्ट लातूरकरांना लगेच समजेल, कारण तिची सुरुवात पाण्यापासून होते. शिबी राज्याचा राजपुत्र विश्वंतर मोठा दानशूर. राज्यात एक पांढरा हत्ती असतो. तो जिथे असतो तिथे पाऊस पडतो, अशी लोकांची श्रद्धा. शेजारच्या कलिंगात दुष्काळ पडतो. तिथले लोक येऊन हत्ती मागतात आणि विश्वंतर तो देऊन टाकतो.

नगरातले लोक खवळतात. आपला पाऊसच दुसऱ्याला देऊन टाकला! ते राजाकडे जातात आणि राजपुत्राला हाकलून द्या म्हणतात. राजाला ऐकावं लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पाणी कुणाचं आणि कुणाला द्यायचं ही चर्चा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्यामुळे गोष्टीतल्या नगरवासीयांचा राग आपल्याला परका वाटायचं कारण नाही.

विश्वंतर, त्याची बायको मद्री आणि दोन मुलं रथात बसून निघतात. रथाला चार घोडे. आणि हा रथ जातो बाजारातून. चित्रकारानं इथे दुकानांची रांगच रंगवली आहे. तेल ओतणारा आणि तराजू घेतलेला असे दुकानदार अभ्यासकांनी यात ओळखले आहेत. काहींनी राजपुत्राला हात जोडले आहेत.

इथे क्षणभर थांबायला हवं. ज्या नगरानं राजपुत्राला हाकललं, त्याच नगरातली ही माणसं आहेत. मग हे हात कशासाठी जोडलेत? निरोप म्हणून? वाईट वाटतंय म्हणून? की फक्त राजघराण्यातला माणूस समोरून चाललाय म्हणून सवयीनं? चित्रकार उत्तर देत नाही. पण एवढं नक्की की त्यानं गर्दीला एकच चेहरा दिलेला नाही. दरबारात जाऊन घोषणा देणारी माणसं आणि दुकानात बसून नमस्कार करणारी माणसं एकाच शहरात असू शकतात, हे त्याला माहीत होतं.

पुढे ही कथा जंगलात जाते. विश्वंतर रथही देऊन टाकतो, घोडेही आणि शेवटी स्वतःची मुलंही. मुलं घेऊन गेलेल्या जुजक नावाच्या ब्राह्मणाला पैसे देऊन आजोबा नातवंडांना सोडवतात, तो प्रसंगही इथे आहे. पण शहर सुटल्यावर चित्राचा सूरच बदलतो. माणसं कमी होतात, झाडं वाढतात. बाजारातली दाटी आधी पाहिलेली असते, म्हणूनच पुढचा एकटेपणा आपल्याला जाणवतो.

चित्र दुसरं: हत्ती सुटला!

याच लेण्याच्या ओवरीत, म्हणजे बाहेरच्या व्हरांड्यात, उजव्या बाजूला नालागिरी हत्तीचा प्रसंग आहे. शहरातल्या गोंधळाचं इतकं जिवंत चित्र प्राचीन भारतात क्वचितच सापडेल.

गोष्ट अशी. बुद्धाचा चुलतभाऊ देवदत्त याला बुद्धाचा काटा काढायचा असतो. राजा अजातशत्रूच्या संगनमतानं तो नालागिरी नावाच्या हत्तीला दारू पाजतो आणि बुद्ध येणार त्या वेळी राजगृहाच्या रस्त्यावर सोडतो.

चित्रात आधी राजवाडा दिसतो. तिथे कट शिजतोय. मग हत्ती रस्त्यावर येतो. त्याच्या सोंडेत एक माणूस सापडलाय. लोक वाट फुटेल तिकडे पळतायत. दुकानांत एकच घबराट आहे. वरच्या सज्जांमधून बायका खाली बघतायत. आणि शेवटी तोच हत्ती बुद्धासमोर गुडघे टेकून बसलाय. बुद्धाचा हात त्याच्या मस्तकावर आहे.

नीट पाहिलं तर यात हत्ती एकच असला तरी तो एकापेक्षा जास्त वेळा रंगवलाय. आधी बिथरलेला, नंतर शांत. त्याच्यासोबत गर्दीही बदलते. हत्ती बिथरलेला असतो तिथे शरीरं वाकडीतिकडी, हात वर, माना वळलेल्या. बुद्धाजवळ आलं की सगळं स्थिर.

समजा या चित्रातून गर्दी काढून टाकली. उरेल काय? एक हत्ती आणि एक भिक्खू. हत्ती किती भयंकर आहे हे आपल्याला कळतं ते पळणाऱ्या माणसांमुळे. आणि बुद्ध किती निर्भय आहे हेही त्यांच्यामुळेच कळतं, कारण सगळे पळत असताना तो एकटाच जागेवर उभा आहे.

ही चित्रं वाचायची कशी?

पहिल्यांदा बघताना अजिंठ्याची भिंत म्हणजे नुसता गोंधळ वाटतो. कॉमिकसारख्या चौकटी नाहीत. सुरुवात कुठे, शेवट कुठे, पत्ता लागत नाही. त्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, खांब आणि दरवाजे शोधा. अजिंठ्याचे चित्रकार प्रसंग वेगळे करायला रेघ मारत नाहीत, इमारती वापरतात. राजवाड्याचा खांब संपला की दुसरा प्रसंग. नगराची वेस ओलांडली की तिसरा.

दुसरी, एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा शोधा. मुकुट, छत्री, रथ, हत्ती या खुणा धरून नायक सापडतो. अनेकदा प्रसंग वेळेच्या क्रमानं न मांडता ठिकाणाच्या क्रमानं मांडलेले असतात. म्हणजे राजवाड्यातले सगळे प्रसंग एकीकडे, जंगलातले दुसरीकडे, मग ते गोष्टीत आधी घडोत की नंतर.

तिसरी, डोकी बघा. गर्दी दाखवण्यासाठी चित्रकार एका डोक्यामागे दुसरं, त्यामागे तिसरं असं रचत जातो. मागची माणसं लहान न होता थोडी वर सरकतात. आपण गॅलरीतून खालच्या रस्त्याकडे बघावं तसं.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, नजरा बघा. गर्दीतले लोक ज्या दिशेला बघतायत, तिकडे आपलेही डोळे वळतात. दिव्याचा झोत टाकायची सोय नसलेल्या काळात चित्रकारानं वापरलेली ही युक्ती आहे. कुणीतरी भलतीकडेच बघत असेल, तर तो माणूस हमखास मजेशीर निघतो.

पण हे खरंच तेव्हाचं शहर आहे का?

इथे थोडं सावध राहावं लागतं. गोष्टीत शहर आहे राजगृह, म्हणजे आजच्या बिहारमधलं राजगीर. बुद्धाचा काळ आणि ही चित्रं यांत साधारण हजार वर्षांचं अंतर. त्यामुळे हे 'राजगृहाचं चित्र' नाही. चित्रकारांनी जुनी गोष्ट सांगताना आपल्या आजूबाजूचे कपडे, दागिने, भांडी, इमारती वापरल्या. आपल्याकडच्या पौराणिक सिनेमातला दरबार त्या-त्या दशकाच्या फॅशनप्रमाणे बदलतो, तसंच हे.

म्हणूनच पाचव्या शतकातल्या दख्खनच्या रोजच्या जगण्याबद्दल जाणून घ्यायला ही चित्रं उपयोगी पडतात. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात अजिंठ्यातली वेशभूषा, दागिने आणि वापरातल्या वस्तू यांचा असाच सांस्कृतिक अभ्यास मांडला.

शहरं आपल्या भागाला नवीन नव्हतीच. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. प्राचीन काळी त्याचं नाव तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठण आणि तगर या दोन्ही बाजारपेठांची नावं आहेत. तिथला माल गाड्यांमधून भडोच बंदराकडे जायचा आणि तगरहून जाणाऱ्या मालात कापड मोठ्या प्रमाणावर असायचं. तेरला सापडलेल्या मातीच्या मूर्ती, मणी आणि हस्तिदंती वस्तू आज तिथल्या लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतात. या वस्तू अजिंठ्याच्या चित्रांपेक्षा बऱ्याच जुन्या आहेत. पण भिंतीवर बाजार रंगवणाऱ्याला बाजार कल्पनेतून काढावा लागला नसेल, एवढं त्यावरून समजतं.

एक मर्यादाही सांगायला हवी. या चित्रांचा खर्च राजे, मंत्री आणि धनिकांनी उचलला. गोष्टीही बहुतेक राजपुत्रांच्याच. सामान्य माणूस चित्रात येतो तो नायकाच्या आसपास काही घडतंय म्हणून. दुकानदाराच्या आयुष्याची गोष्ट इथे नाही. नाव तर कुणाचंच नाही, ना त्या दुकानदाराचं, ना त्याला रंगवणाऱ्याचं. तरीही चित्रकारानं त्याला ठोकळ्यासारखं उभं केलं नाही. त्याला हातवारे दिले, भीती दिली, कुतूहल दिलं.

जगात अशी चित्रं कुठे आहेत?

शहरातल्या गर्दीची चित्रं म्हटली की जगभरात दोन नावं हमखास घेतली जातात. एक, चिनी चित्रकार झांग झेदुआन याचं बाराव्या शतकातलं, नदीकाठचं शहर दाखवणारं पाच मीटरपेक्षा लांब गुंडाळीचित्र. त्यात पूल, नावा, दुकानं आणि शेकडो माणसं आहेत. दुसरं, नेदरलँडिश चित्रकार पीटर ब्रूगेल. त्यानं १५६० मध्ये रस्त्यावर खेळणाऱ्या दोनशेहून जास्त मुलांचं चित्र काढलं.

अजिंठा या दोघांच्याही कित्येक शतकं आधीचा. अर्थात ही स्पर्धा नाही आणि हेतूही वेगळे होते. त्या दोन चित्रांत शहर किंवा रस्ता हाच विषय आहे. अजिंठ्यात विषय धार्मिक कथा आहे आणि शहर तिच्यासोबत येतं.

महाराष्ट्रात रस्त्यावरची गर्दी हाच चित्राचा विषय व्हायला विसाव्या शतकाच्या आसपासचा काळ उजाडला. त्यात मोठं नाव कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेल्या म. वि. धुरंधर यांचं. मुंबईतले फेरीवाले, सण, रस्ते त्यांनी पोस्टकार्डांवर आणि पुस्तकांत रेखाटले. १९१२ च्या 'बाय-वेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले तेव्हा तिथले प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. आणि ग्रिफिथ्स यांच्यामुळे आपण पुन्हा अजिंठ्याला येतो.

दोनदा जळालेली गर्दी

१८१९ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ याला अजिंठ्याची लेणी दिसली आणि बाहेरच्या जगाला ती माहीत झाली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला चित्रांच्या प्रती करायला नेमलं. त्यानं अनेक वर्षं तिथे काम केलं. त्याच्या प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यातल्या जवळपास सगळ्या जळाल्या.

मग १८७२ पासून ग्रिफिथ्स आणि जे. जे. चे विद्यार्थी कामाला लागले. १८८५ पर्यंत त्यांनी मोठमोठ्या कॅनव्हासवर शेकडो प्रती केल्या. त्या लंडनला पाठवल्या. १८८५ मध्ये तिथेही आग लागली आणि अनेक कॅनव्हास गेले.

या प्रती का महत्त्वाच्या होत्या? कारण त्या केल्या तेव्हा भिंतीवर जे दिसत होतं, त्यातलं बरंच आज दिसत नाही. अजिंठ्याची चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. दगडावर मातीचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो सुकल्यावर रंग, असं ते काम आहे. लेप सुटला की चित्रही सुटतं. वटवाघळं, कीटक, ओल, भिंतीवर नावं कोरणारे लोक, सगळ्यांनी आपापला वाटा उचलला. जपण्याच्या हेतूनं लावलेलं व्हार्निशही पुढे पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली.

तेव्हा अजिंठा हैदराबाद संस्थानात होता. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार खंडांत या चित्रांची छायाचित्रं आणि वर्णनं प्रसिद्ध केली. १९२० नंतर इटलीहून तज्ज्ञ बोलावून चित्रं जपण्याचं कामही झालं. आज ही जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे आणि १९८३ पासून अजिंठा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आता धोका कुणाचा?

थोडा आपलाही. बंद लेण्यात माणसं वाढली की श्वासातून ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. पायांसोबत धूळ येते. दमट हवेत लेप कमकुवत होतो. म्हणूनच चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीक लोकांनाच सोडतात, फ्लॅशला बंदी आहे, दिवे मंद आहेत आणि खासगी गाड्या फर्दापूरजवळ काही किलोमीटर आधीच थांबवून पुढे एसटीच्या बसनं नेतात.

सुट्टीच्या दिवशी रांगेत उभं राहून चिडचिड होते, हे खरं. मंद उजेडात फोटो नीट येत नाही, हेही खरं. पण दीड हजार वर्षं टिकलेली गर्दी आजच्या गर्दीसोबतही टिकायची, तर हे नियम पाळावेच लागतील.

जाणार असाल तर एवढं करा

अजिंठा सोमवारी बंद असतो, हे आधी लक्षात ठेवा. १७ क्रमांकाच्या लेण्यात शिरण्याआधी व्हरांड्यातच थांबा आणि उजवीकडचा हत्ती शोधा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं द्या. आत गेल्यावर डाव्या भिंतीवर रथ शोधा आणि रथ सापडला की लगेच पुढे सरकू नका. रथाच्या आजूबाजूला बघा. दुकानं तिथेच आहेत.

गाईड बहुतेक वेळा राजपुत्राचं नाव सांगेल. तुम्ही त्याला एकदा त्या दुकानदारांबद्दल विचारून बघा.